दोघांचा टायमर फोटो शार्प कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोडप्याच्या सहलीचे फोटो बघा. त्यात बहुतेकदा एकटीच दिसते किंवा एकटाच दिसतो, कारण दुसरं माणूस कायम कॅमेऱ्यामागे असतं. दोघं एकत्र असलेले मोजके फोटो हात लांब करून काढलेले असतात, त्यात अर्धी फ्रेम चेहऱ्यांनी भरलेली आणि गड मागे कुठेतरी हरवलेला. यावर सेल्फ-टायमर हाच खरा उपाय आहे, पण टायमरचा फोटो धूसर येतो म्हणून लोक तो सोडून देतात. त्यांनी तो सोडू नये म्हणून वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. टायमर लावला की फोटो क्लिअर येतच नाही. नेमकं काय चुकतं?

धूसर फोटोची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे, म्हणून आधी फोटो झूम करून नीट बघा. मागचं झाड किंवा देवळाचा कळस स्वच्छ दिसतोय आणि तुम्ही दोघं मऊ दिसताय, तर फोकस चुकला आहे (प्रश्न ४). फ्रेममधली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसतेय, तर कॅमेरा हलला आहे (प्रश्न २ आणि ९). दगड, पायऱ्या स्पष्ट आहेत आणि फक्त हात, ओढणी किंवा केस पुसट आहेत, तर तुम्ही हललात (प्रश्न १०). आणि सगळा फोटोच दुधाळ दिसतोय, दिव्यांभोवती रेघा आल्यात, तर लेन्स मळली आहे.

हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा आढळतं. फोन दिवसभर हातात आणि खिशात असतो, लेन्सवर बोटाचं तेल बसतं. कोकणात त्यावर खाऱ्या हवेचा थर चढतो. चष्मा पुसायचं मऊ कापड जवळ ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या फोटोआधी लेन्स पुसा. समुद्रकिनारी पुसण्याआधी फुंकर मारून वाळूचे कण घालवा, नाहीतर काचेवर ओरखडे येतील.

२. यासाठी काय काय सामान घ्यावं लागेल?

एक छोटा ट्रायपॉड, त्यावर फोन घट्ट धरणारा होल्डर आणि ब्लूटूथ रिमोट. एवढं पुरतं. रिमोट फोनला आवाजाचं बटण दाबल्याचा इशारा देतो आणि कॅमेरा ॲपमध्ये त्या बटणाने फोटो निघतो, म्हणून वेगळं ॲप लागत नाही. मोकळ्या जागेत तो साधारण १० मीटरपर्यंत चालतो.

ट्रायपॉड घेताना उंचीपेक्षा पाय किती घट्ट बसतात ते बघा. पूर्ण उघडून वरच्या टोकाला टिचकी मारा. बराच वेळ थरथरत राहिला तर तो घेऊ नका. ट्रायपॉड नेणं जमत नसेल, तर जाड कापडाची वीतभर पिशवी शिवून तिच्यात तांदूळ भरा. कठड्यावर किंवा दगडावर ती ठेवून फोन तिच्यात रुतवला की हवा तो कोन धरून राहतो. पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला फोन मात्र वाऱ्याच्या पहिल्याच झुळकीत पडतो.

३. टायमर ३ सेकंदांचा लावायचा की १० चा?

रिमोट असेल तर ३. रिमोट दाबायचा, हात खाली घ्यायचा, रिमोट मुठीत लपवायचा, यासाठी ३ सेकंद पुरतात आणि रिमोट धरलेला हात फोटोत दिसत नाही. रिमोट नसेल तर १०. पण १० सेकंदांत धावत जायचं आणि लगेच स्थिर उभं राहायचं, हे दिसतं तितकं सोपं नाही. श्वास लागलेला असतो, खांदे हलत असतात. म्हणून कॅमेरा तुमच्यापासून सात-आठ पावलांपेक्षा लांब ठेवू नका.

टायमर संपल्यावर एकाऐवजी लागोपाठ चार-पाच फोटो घेण्याची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत आणि काही फोनमध्ये असते. ती शोधून चालू करा. पहिल्या फोटोला माणसं सावरत असतात. दुसऱ्या-तिसऱ्यापर्यंत चेहरे सैल होतात आणि डोळे मिटलेले नसल्याचीही खात्री मिळते.

४. फोकस कुठे लावायचा? आम्ही तर तिथे उभेच नसतो!

सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. बटण दाबता तेव्हा फ्रेममध्ये कुणीच नसतं, त्यामुळे कॅमेरा मागच्या डोंगरावर फोकस लावून मोकळा होतो. मग तुम्ही जाऊन उभे राहता, तेही त्याच्या फोकसच्या बरंच अलीकडे.

एकट्याने फिरणाऱ्याला हे अवघड जातं, पण तुम्ही दोघं आहात. एकाने आधीच जागेवर जाऊन उभं राहायचं आणि फोटो होईपर्यंत तिथून हलायचं नाही. दुसऱ्याने फोनच्या पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवून तसंच दाबून धरायचं. बहुतेक फोनवर असं केल्यावर फोकस लॉक होतो, पडद्यावर कुलपाची खूण किंवा तशी सूचना येते. मग टायमर सुरू करून जोडीदाराच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. पुढे नाही, मागे नाही, बरोबर खांद्याला खांदा. कॅमेऱ्यापासून दोघांचं अंतर सारखं असेल तर एकावर लावलेला फोकस दोघांनाही लागू पडतो.

लॉक न करता फक्त टॅप केलं, तर तुम्ही फ्रेममध्ये शिरता तेव्हा फोन पुन्हा आपल्या मनाने फोकस शोधू लागतो आणि ऐन क्लिकच्या वेळी तो शोध अर्धवट असू शकतो. म्हणून लॉक टाळू नका.

डीएसएलआर (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या) कॅमेऱ्यात एक गोष्ट ध्यानात घ्या. बहुतेक डीएसएलआर टायमर सुरू होतानाच फोकस लावतात, संपताना नाही. त्यामुळे बटण दाबताना लेन्सच्या समोर उभं राहिलात तर फोकस तुमच्या पोटावर लागेल. कॅमेऱ्याच्या मागे उभे राहा, जोडीदारावर फोकस लावा आणि मग लेन्सवरचं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर सरकवा. आता फोकस जागचा हलणार नाही. फक्त जागा बदलली की पुन्हा लावायला विसरू नका.

दोघांनाही कॅमेऱ्याजवळ थांबायचं असेल तर उभं राहण्याच्या जागी सॅक ठेवा, तिच्यावर फोकस लॉक करा, मग सॅक बाजूला करून तिच्या जागी पायाजवळ एक खडा ठेवा. आणि त्या खड्याशीच उभे राहा.

५. दोघांपैकी एकच जण शार्प येतो, दुसरा नेहमी धूसर. असं का?

कॅमेऱ्यापासून तुमची अंतरं वेगळी आहेत आणि फोकसची पट्टी, म्हणजे जेवढ्या अंतरातलं स्वच्छ येतं तो टप्पा, अरुंद आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ ला (एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक मोठं) उघडून २ मीटरवर फोकस लावला, तर खरी स्वच्छ पट्टी जेमतेम १७ सेंटिमीटर मिळते. एकाचा खांदा पुढे आणि दुसऱ्याचा मागे असला तरी फरक पडतो. एफ ८ केलं की तीच पट्टी पाऊण मीटरच्या पुढे जाते.

फोनमध्ये हा त्रास मुळात कमी असतो, पण पोर्ट्रेट मोड तो मुद्दाम ओढवून घेतो. त्या मोडमध्ये फोन अंतराचा अंदाज बांधून मागचा भाग धूसर करतो. जोडीदार एक पाऊल मागे असला की त्यालाही मागच्या भागात टाकतो, केसांच्या आणि कानांच्या कडा खातो. प्रवासात, जागा दिसायला हवी असताना, दोघांच्या टायमर फोटोसाठी साधा फोटो मोडच वापरा, असं माझं ठाम मत आहे. रायगडावर जाऊन मागचा रायगडच पुसून टाकायचा असेल तर एवढं चढून काय मिळवलं?

६. माझ्याकडे साधा कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स आहे. कोणत्या सेटिंग्ज ठेवू?

लेन्स २४ मिलिमीटरला, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८, फोकस ३ मीटरवर. किट लेन्सबरोबर येणाऱ्या नेहमीच्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर यात साधारण पावणेदोन मीटरपासून पुढे १५ मीटरपर्यंतचं सगळं स्वीकारण्याजोगं स्वच्छ येतं. एवढ्या पट्टीत एखादं पाऊल इकडेतिकडे झालं तरी चालतं. उन्हात शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) १/२५० सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नका. सावलीत तो घसरू लागला तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेले चेहरे नाहीत.

डीएसएलआर वापरताना तुम्ही डोळा काढून निघून जाता, तेव्हा मागच्या व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) ऊन आत शिरून उजेडाचं मोजमाप बिघडू शकतं. काही कॅमेऱ्यांच्या पट्ट्यावर त्यासाठी छोटं रबरी झाकण दिलेलं असतं. नसेल तर टोपी टाका. जुन्या लेन्सवर थरथर रोखणारी सोय असेल तर ट्रायपॉडवर ती बंद ठेवलेली बरी.

७. फोनचा पुढचा कॅमेरा वापरला तर स्वतःला बघता येतं. मग मागचा का?

कारण जवळपास सगळ्या फोनमध्ये मागचा मुख्य कॅमेरा मोठ्या सेन्सरचा असतो, आणि पुढचे बरेच कॅमेरे हातभर अंतरासाठी बनवलेले असतात, चार मीटरसाठी नाही. फ्रेम बघण्यासाठी जोडीदाराला जागेवर उभं करा. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी दिसली की फ्रेम जमली. खूप रुंद लेन्सही टाळा. कडेला उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं आणि खांदे ती ताणून टाकते. वापरायचीच असेल तर दोघं मधोमध उभे राहा.

८. सूर्यास्ताला समुद्रावर फोटो काढला की आमचे चेहरे काळे येतात. काय करावं?

कोकण आणि गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्राकडे पाठ केलीत की सूर्य बरोबर डोक्यामागे येतो. गुहागर असो, तारकर्ली असो की गोव्यातला किनारा, हे टळत नाही. काळोख्या चेहऱ्यावर फोकसही नीट लागत नाही, म्हणून असा फोटो अंधारा आणि धूसर दोन्ही होतो.

मला विचाराल तर समुद्र मागे हवा असेल तर सकाळी जा. सूर्य जमिनीच्या बाजूने, डोंगरामागून वर येतो आणि उजेड थेट तुमच्या चेहऱ्यावर पडतो. मागे समुद्र निळा येतो, किनाऱ्यावर गर्दीही नसते. लोक सकाळची ही वेळ झोपेत घालवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

संध्याकाळच हवी असेल तर उलटे फिरा. तुम्ही समुद्राकडे तोंड करा, कॅमेरा पाण्याच्या बाजूला ठेवा. मागे सुरूचं बन किंवा माड येतील आणि मावळतीचा सोनेरी उजेड चेहऱ्यावर. कॅमेरा पाण्याच्या बाजूला ठेवताना भरती आहे की ओहोटी हे आधी गावातल्या कुणाला तरी विचारा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या अंदाजावर विसंबू नका. ओल्या वाळूत ट्रायपॉडचे पाय लाट आली की हळूहळू रुततात. ते आधीच दाबून घट्ट बसवा, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

मावळतीचं आभाळच मागे हवं असेल तर सूर्य पूर्ण बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. आभाळ आणि चेहरा यांच्यातला उजेडाचा फरक तोवर बराच कमी झालेला असतो. चेहऱ्यावर टॅप करून, शेजारी येणारी सूर्याची खूण वर सरकवली की चेहरे आणखी उजळतात. किंवा मग सरळ छायाकृती काढा. तिच्यासाठी फोकस अंगाच्या कडेवर लावा आणि दोघांच्या चेहऱ्यांमध्ये आभाळाची फट ठेवा, नाहीतर दोघांचा मिळून एकच काळा आकार दिसतो.

९. गडावर वारा इतका असतो की ट्रायपॉड थरथरतो. उपाय?

उंची कमी करा. मधला दांडा पूर्ण खाली, सगळ्यात बारीक पाय आत आणि ट्रायपॉड गुडघ्याइतका. सॅक मध्यभागी लटकवा, पण तिचा तळ जमिनीला टेकू द्या. अधांतरी लटकलेली सॅक वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडलाच हलवते. त्याहून चांगला उपाय म्हणजे तटबंदीचा आडोसा. जंगीच्या (तटातल्या बंदुकीसाठीच्या फटीच्या) तळाशी तांदळाची पिशवी ठेवून फोन तिच्यात बसवला तर वाऱ्याचा प्रश्नच उरत नाही, आणि दगडी चौकट आपोआप मिळते.

इथे कळकळीने सांगतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असो किंवा कुठलीही उघडी धार, टायमर लावून कड्याकडे धावायचं नाही. १० सेकंदांचे आकडे सरत असताना माणसाचं लक्ष पायाखाली नसतं. अशा जागी रिमोटच वापरा, दोघं आधी उभे राहा, मग बटण दाबा. फ्रेम जुळवायला मागे मागे सरकू नका. कॅमेरा थोडा खाली आणि दूर ठेवला तर काठापासून पाच-सहा पावलं आत उभे असूनही मागे दरीच दिसते.

१०. चालतानाचा किंवा उडी मारतानाचा फोटो टायमरवर शार्प येतो का?

येतो, भरपूर उजेड असेल तर. चालण्यासाठी १/५०० आणि उडीसाठी १/१००० शटर स्पीड धरा. फोनला हे सांगता येत नसेल तर उन्हात काढा, तो आपोआप वेगवान शटर निवडतो. कॅमेऱ्याकडे चालत येऊ नका, कारण प्रत्येक पावलाला अंतर बदलतं आणि लॉक केलेला फोकस मागे राहतो. कॅमेऱ्याच्या समोरून आडवे चाला. येतानाचाच फोटो हवा असेल तर वाटेत खडा ठेवा, त्याच्यावर फोकस लॉक करा आणि खड्यापाशी पाय पडताच रिमोट दाबा. या एका वेळी टायमर बंद ठेवा.

व्हिडिओतून फोटो उचलण्याबद्दलही विचारलं जातं. ४के व्हिडिओची एक चौकट सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला पुरते. पण उजेड कमी असेल तर प्रत्येक चौकट हललेली निघते.

११. रात्री मरीन ड्राइव्हवर दिवे छान येतात, आम्ही मात्र भुतासारखे. का?

रात्री फोन एक ते तीन सेकंद उजेड गोळा करतो. दिवे हलत नाहीत, तुम्ही हलता. कठड्याला किंवा एकमेकांना टेकून उभे राहा, पाय फाकवा, क्लिकच्या आधी श्वास सोडा आणि क्लिक संपल्याचा आवाज येईपर्यंत बोलू नका. चेहऱ्यावर पथदिव्याचा उजेड पडेल अशी जागा निवडली तर फोनला कमी वेळ लागतो. फोन ट्रायपॉडवर आहे हे ओळखून काही फोन आपणहून वेळ आणखी वाढवतात. तेव्हा तो आकडा हाताने १ सेकंदावर आणा. ताऱ्यांच्या फोटोला जास्त वेळ ठीक आहे, माणसांच्या नाही.

१२. पावसाळ्यात लेन्सवर सारखं धुकं धरतं.

एसी गाडीतून किंवा खोलीतून थेट बाहेर आलं की गार काचेवर बाष्प बसतं. पुसून उपयोग होत नाही, लगेच परत येतं. फोन किंवा कॅमेरा सॅकमध्येच ठेवून दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या हवेत मुरू द्या. दाट धुक्यात ऑटोफोकस चाचपडतो. चेहऱ्याऐवजी गडद कॉलरच्या किंवा छत्रीच्या कडेवर टॅप करून लॉक करा.

१३. ट्रायपॉड सगळीकडे चालतो का?

नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी घ्यावी लागते, आणि अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही. अशा ठिकाणी वाद घालू नका. देवळांत गाभाऱ्याजवळ फोटोच नको. कासच्या पठारावर ट्रायपॉडचे पाय आणि तुमचे पाय दोन्ही आखलेल्या वाटेवरच ठेवा. फुलांत बसून काढलेल्या एका फोटोसाठी तुडवलेली रोपं त्या हंगामात पुन्हा उभी राहत नाहीत. रेल्वे रुळांवर जाणं हा कायद्याने गुन्हा आहे, तिथला फोटो कितीही शार्प आला तरी.

१४. त्यापेक्षा कुणा अनोळखी माणसालाच सांगितलं तर?

जरूर सांगा, विशेषतः गर्दीत, जिथे फोन लांब ठेवून उभं राहणं धोक्याचं आहे. पण आधी फ्रेम तुम्ही लावा, फोकस लॉक करा आणि फोन देताना एवढंच म्हणा, "दादा, इथेच उभं राहून हे बटण तीन-चारदा दाबाल का?" झूम करू नका, असंही नम्रपणे सांगा. बरेच लोक मदत करायच्या उत्साहात झूम करतात आणि मागचं देऊळ फ्रेमबाहेर जातं.

१५. तळ्यातल्या प्रतिबिंबासकट फोटो हवा असेल तर फोकस कशावर?

कॅमेऱ्याच्या दृष्टीने प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. कॅमेऱ्यापासून पाणी आणि पाण्यापासून तुम्ही, अशा दोन्ही अंतरांची बेरीज तो धरतो. त्यामुळे पाण्यावरच्या पानावर किंवा तरंगावर टॅप केलंत तर दोघंही धूसर याल. फोकस तुमच्यावरच लावा (पद्धत प्रश्न ४ मध्ये), प्रतिबिंब आपसूक स्वच्छ येतं. हीच गोष्ट आरशाची. आरशाच्या चौकटीवर नाही, आतल्या चेहऱ्यावर टॅप करा.

१६. सोबत लहान मूल आहे, ते एका जागी थांबतच नाही.

मुलाला कडेवर घ्या, म्हणजे अंतर तरी ठरलेलं राहतं. शटर १/५०० धरा आणि एकामागून एक फोटो घेणारी सोय चालू ठेवा. मुलाला आकडे मोजायला सांगितलं तर ते कॅमेऱ्याकडे बघतं.

१७. फोनमध्ये फोटो छान दिसतो, घरच्यांना पाठवला की धूसर. हाही फोकसचा दोष का?

नाही. मेसेज ॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं. व्हॉट्सॲपवर एचडी निवडा, किंवा अटॅचमेंटमध्ये जाऊन डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. प्रिंट काढायलाही स्टुडिओत हीच मूळ फाइल द्या, चॅटमधून उतरवलेली नाही.